गॅलरीतला माणूस : फुटबॉलचे तिकीट आणि महामारीची दोन वर्षे



या व्याख्यानमालेत विद्वान बोलतात. एखाद्या विषयात ज्यांनी केस पांढरे केले आहेत अशी माणसे येथे येतात आणि आपण ती ऐकतो. माझेही केस पांढरे झाले आहेत, परंतु ते फुटबॉलचे सामने पाहण्यात. मी खेळाडू नव्हे, पंच नव्हे, कोणत्याही संघटनेचा पदाधिकारी तर नव्हेच नव्हे. चिटणीस आमंत्रण घेऊन घरी आले तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले की, अहो, मी जन्मात एक गोल केलेला नाही. त्यावर ते म्हणाले, "गोल करणाऱ्यांची भाषणे पुष्कळ होतात. पैसे देऊन बघणाऱ्याचे एक होऊ द्या." तेव्हा हे भाषण पैसे देऊन बघणाऱ्याचे आहे, आणि बरेचसे पैशांविषयीच आहे.

सोलापुरात फुटबॉलवर बोलणे हे थोडे धाडसच. येथे चेंडू म्हटला की क्रिकेटचा आठवतो, आणि पॉली उमरीगरांच्या जन्मगावाने तसे करावे यात गैर काहीच नाही. मी मात्र जन्माने कोल्हापूरचा. एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहायला म्हणून चौतीस वर्षांपूर्वी आलो. कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीने मला इथलाच करून टाकले. पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शनिवारी रात्री एस.टी. धरायची आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत पेढीवर हजर व्हायचे, हा माझा क्रम काही सुटला नाही. मालकांनी तो चालवून घेतला. खतावणीत चूक नसली म्हणजे माणसाचे इतर दोष पोटात घालता येतात, असे त्यांचे मत होते.

कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. जेथे जोर-बैठका आणि कुस्ती चाले त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे परक्याला गणपतीच्या मिरवणुकीच्या यादीसारखी वाटतील. पेठेतला मुलगा आपला संघ निवडत बसत नाही. आडनाव मिळते तसा तो त्याला मिळतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जो आरडाओरडा चालतो तो सगळाच ऐकण्याजोगा असतो असेही नाही. पेठापेठांची ईर्षा हातघाईवर आली आणि सामना थांबला, असे प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत. प्रेक्षकाची बाजू मांडायला उभा आहे म्हणून त्याची लबाडी झाकणार नाही.

त्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसत. उद्यमनगरात ते लेथवर काम करीत, म्हणून आम्ही त्यांना मिस्त्री म्हणत असू. वीस-बावीस वर्षे आम्ही शेजारी बसलो. एकमेकांच्या घरी मात्र तीन वेळांपेक्षा अधिक गेलो नसू. मिस्त्री चेंडूकडे कमी पाहत, गोलरक्षकाच्या पायांकडे अधिक पाहत. त्याने भार कोणत्या पायावर टाकला आहे यावरून गोल होणार की नाही ते ते आधीच सांगत, आणि दहांत सहा वेळा ते खरे ठरे. तिकिटे मिस्त्री काढीत आणि मध्यंतरात चहा-भजी मी घेत असे. हिशेब जवळजवळ सारखा भरे, म्हणून कोणी कधी मांडला नाही. तिकिटाच्या किमतीविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचा निम्मा भाग या वाक्यात आला.

आता महामारीकडे येतो. १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना व्हायचा होता. एटीके विरुद्ध चेन्नईयिन. यातला कोणताच संघ आमचा नव्हे. पण मिस्त्रींनी आयुष्यात राष्ट्रीय पातळीचा अंतिम सामना मैदानावर बसून पाहिला नव्हता, आणि लेथवरून निवृत्त होताना त्यांनी तेवढी एक इच्छा बोलून दाखविली होती. आम्ही दोन तिकिटे काढली. सामन्याच्या तोंडावर बातमी आली की प्रेक्षकांना प्रवेश नाही. सामना झाला, एटीकेने तो ३-१ असा जिंकला, आणि आम्ही दोघांनी तो आपापल्या घरी पाहिला. ते कोल्हापुरात, मी येथे. तिकिटाचे पैसे परत आले. फोनवर मिस्त्री म्हणाले, "पैसे परत आलेलं तिकीट मी पहिल्यांदाच पाहिलं."

पुढचे आपण सर्वांनी भोगले आहे. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. संचारबंदी हा शब्द सोलापूरला नवा नाही. १९३० च्या लष्करी कायद्याच्या गोष्टी येथल्या घराघरांत आजोबांनी सांगितलेल्या आहेत. पण या वेळची शांतता वेगळी होती. मी पूर्व भागाच्या कडेला राहतो. मागांचा खटखटाट मला इतका अंगवळणी पडलेला की तो थांबला त्या रात्री मला झोप लागेना. माग थांबला म्हणजे मजुरी थांबली. विड्या वळणाऱ्या बायांना पान-तंबाखू मिळेना. अशा वेळी फुटबॉलची आठवण काढणे हा चैनीचा प्रकार आहे असे मलाच वाटे, आणि तरी ती येई.

रिकाम्या मैदानाची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १ जुलै २०२० ची आषाढी आठवा. पादुका एस.टी.तून पंढरीला आल्या, पूजा झाली, शास्त्रात सांगितलेले काही चुकले नाही. आणि चंद्रभागेचे वाळवंट मोकळे होते. पुढच्या जानेवारीत आपला गड्डा भरला नाही. विधी पुरा झाला, पण यात्रा झाली असे कोणी म्हणाले नाही. या दोन शब्दांतला फरक आपल्याला त्या वर्षी कळला. फुटबॉलवाल्यांना तोच फरक आकड्यांत कळला, आणि ते आकडे मोठे मौजेचे आहेत.

इंग्लंडमध्ये संघांची साखळी १८८८ पासून चालू आहे. घरच्या मैदानावर यजमानांचे पारडे जड, हा तेथला जुना नियम. आपल्या गावात आपला संघ अधिक सामने जिंकतो, पाहुणा कमी. कोणी म्हणे मैदान ओळखीचे म्हणून, कोणी म्हणे पाहुण्यांना प्रवासाचा शीण म्हणून. २०२०-२१ च्या हंगामात मैदान तेच होते, प्रवासही तोच होता. नव्हता तो फक्त प्रेक्षक. जवळजवळ सगळे सामने बंद दाराआड झाले. त्या वर्षी तेथल्या पहिल्या श्रेणीच्या ३८० सामन्यांत यजमानांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. एका हंगामात पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा अधिक व्हावेत, असे तेथे त्या श्रेणीत पूर्वी कधीच घडले नव्हते. अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली. ओरडणारे कोणी नसले म्हणजे पंच पाहुण्या खेळाडूंना पिवळे कार्ड कमी दाखवतात. म्हणजे मिस्त्री पायरीवरून पंचाच्या नावाने जो शंख करीत, तो सगळाच वाया जात नव्हता तर!

आपल्याकडेही तोच प्रकार. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा सबंध हंगाम गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर झाला, आणि ज्यांच्या अंगणात तो झाला त्या गोवेकरांनाच आत जाता येत नव्हते. दूरचित्रवाणीवर सामन्यांना ध्वनिमुद्रित गलका जोडत. तो नेमका चुकीच्या वेळी वाढे आणि चुकीच्या वेळी उतरे; टाळांची ध्वनिफीत लावून एकट्याने भजन करावे तसे. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान १-१ असे बरोबरीत होते, आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल करून मुंबईला करंडक मिळवून दिला. मी खुर्चीवरून उठून इतक्या जोराने ओरडलो की शेजारचे पद्मशाली कुटुंब, कोणाला काही झाले की काय म्हणून, दारात येऊन उभे राहिले. त्या काळात आरडाओरड्याचा तोच अर्थ होई. मी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "गोलरक्षकाचे पाय दाखवतच नाहीत हो टी.व्ही.वर."

त्यानंतर दोन महिन्यांनी, दुसऱ्या लाटेत, मिस्त्री गेले. मला जाता आले नाही. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले, आणि बोलण्यासारखे दोघांकडेही फारसे काही नव्हते. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी असे फोन घेतलेले आहेत. मी यावर अधिक बोलत नाही.

तर, प्रेक्षक हा खेळाचा गिऱ्हाईक नाही, तो खेळाचा एक अवयव आहे, हे त्या हंगामात सिद्ध झाले. मग मालकांनी त्यावरून काय धडा घ्यावा? मला वाटे, दारे उघडतील तेव्हा ते आम्हाला हात धरून आत नेतील. घडले ते उलटे. २०२० च्या ऑक्टोबरात, इंग्लंडात प्रेक्षक अजून घरीच कोंडलेले असताना, जे सामने नेहमीच्या वर्गणीत दाखवले जात नव्हते ते घरी पाहायचे तर सामन्यामागे १४ पौंड ९५ पेन्स द्या, असा हुकूम निघाला. लोकांचे रोजगार गेलेले, आणि यांनी घराच्या पडद्यावर तिकीट बसवले. तेथल्या प्रेक्षकांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. न्यूकॅसलच्या लोकांनी ठरवले की सामना पाहायचा नाही, आणि ते पैसे गावातल्या अन्नछत्राला द्यायचे. इतर गावांनी तोच कित्ता गिरवला. नोव्हेंबरात तो दर मागे घ्यावा लागला.

याच्या चार वर्षे आधीची एक हकीकत सांगतो. तिच्यात अन्याय आणि त्याचे उत्तर दोन्ही नव्वद मिनिटांत मावले आहेत. लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या प्रेक्षागारातले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडशी सामना होता. लिव्हरपूल २-० असे पुढे. ७७ वे मिनिट झाले आणि सुमारे दहा हजार माणसे उठून शांतपणे बाहेर चालू लागली. उरलेल्या वेळात संडरलँडने दोन गोल केले आणि सामना २-२ बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दर मागे घेतले. त्याच वर्षीच्या हंगामापासून, परगावी आपल्या संघामागे जाणाऱ्या प्रेक्षकाला ३० पौंडांहून महाग तिकीट विकायचे नाही, असाही नियम तेथल्या प्रमुख साखळीने केला. प्रेक्षक निघून गेला म्हणून संघाचा विजय हुकला, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण मिस्त्रींनी सांगितले असते.

महाग तिकीट ही आजची गोष्ट आहे असे समजू नका. २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा कलकत्त्यात दोन रुपयांचे तिकीट पंधरा रुपयांना विकले गेले, असे त्या वेळच्या वृत्तांतात सापडते. ज्यांना आत जागा मिळाली नाही त्या हजारोंना गोल कळावेत म्हणून पतंग उडवून आकडे सांगितले गेले. पण तो काळाबाजार होता, आणि काळाबाजाराला निदान आपण काळा म्हणत होतो. आता २०२६ च्या विश्वचषकाची तिकिटे २०२५ च्या ऑक्टोबरात विक्रीला निघाली तेव्हा काय झाले पाहा. सर्वांत स्वस्त तिकीट ६० डॉलरचे आणि अंतिम सामन्याचे सर्वांत महाग ६,७३० डॉलरचे. आपल्या पैशांत सहा लाखांच्या आसपास. शिवाय मागणी वाढेल तसा दर वाढत जाणार, पावसाळ्यात मंडईत कोथिंबिरीचे होते तसे. पूर्वी हे काम दलाल फाटकाबाहेर चोरून करी. आता ते संस्थाच फाटकाच्या आत बसून करते. प्रेक्षकांच्या संघटनांनी ओरड केल्यावर डिसेंबरात प्रत्येक सामन्याची थोडी तिकिटे ६० डॉलरला ठेवण्याचे जाहीर झाले. थोडी, एवढेच.

आणि आपण हसू नये. त्याच डिसेंबरात १३ तारखेला लिओनेल मेस्सी कोलकात्याला आला. लोकांनी हजारो रुपये मोजले होते. सामना नव्हताच, फक्त दर्शन होते. तो थोडा वेळ मैदानात फिरला, त्याच्याभोवती बड्या लोकांचे कडे होते, आणि पायऱ्यांवरच्या माणसाला तो धड दिसलाच नाही. मग बाटल्या आणि खुर्च्या मैदानात आल्या. मोडतोडीचे समर्थन मी करीत नाही. परंतु ज्याने महिन्याच्या पगारातला मोठा तुकडा तोडून दिला त्याला दुसऱ्यांच्या पाठी पाहायला मिळाव्यात, हा व्यवहार कोणत्या दुकानात चालला असता?

येथे कोणी म्हणेल, आणि पेढीवरचा माणूस म्हणून मीच स्वतःला म्हणतो, की खेळाला पैसा लागतो. तो कोठून यायचा? हिरवळ राखायची, दिव्यांचे बिल भरायचे, खेळाडूंच्या पोटाला द्यायचे. मान्य आहे. मी फुकट सामन्यांच्या बाजूचा नाही. फुकट आलेला माणूस मध्यंतराला उठून जातो, आणि त्याला पंचावर ओरडण्याचा नैतिक अधिकार नसतो. तिकीट असावे. माझा प्रश्न निराळा आहे. युरोपातल्या मोठ्या संघांच्या जमाखर्चात दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे मोठे आहेत. त्या हक्कांना किंमत येते ती भरलेल्या, गर्जणाऱ्या पायऱ्यांमुळे; रिकाम्या पायऱ्यांचा खेळ कसा दिसतो ते आपण पाहिले. म्हणजे पायरीवरचा माणूस तिकीटही काढतो आणि वर स्वतः त्या विकल्या जाणाऱ्या मालाचा भागही होतो. नाटकात मावळ्याचे काम करणाऱ्याकडूनच तिकिटाचे पैसे घ्यावेत, आणि ते दरवर्षी वाढवावेत, त्यातलाच हा प्रकार.

आणि महाग तिकिटाने मैदान रिकामे होत नाही, हीच त्यातली खरी अडचण आहे. रिकामे झाले असते तर मालक शुद्धीवर आले असते. मैदान भरते, पण दुसऱ्या माणसांनी भरते. महामारीने सर्वांना एकदम बाहेर काढले, श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच, आणि ते सर्वांना दिसले. तिकिटाचा दर हेच काम सावकाश करतो. एका हंगामात लेथवाला येईनासा होतो, दुसऱ्यात मुलाला घेऊन येणारा बाप एकटा येऊ लागतो, तिसऱ्यात तोही घरी टी.व्ही. लावतो. त्याची बातमी होत नाही, कारण खुर्ची भरलेलीच असते.

भारतात आपण अजून त्या पायरीवर पोचलो नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आपल्या साखळीचे तिकीट बहुतेक ठिकाणी सामान्य माणसाच्या खिशाला झेपते. पण महामारीने एक सवय मागे ठेवली आहे, तिच्याकडे लक्ष द्या. स्पर्शाची भीती होती तेव्हा तिकीटखिडक्या बंद झाल्या आणि तिकीट मोबाइलवर आले. भीती गेली, पुष्कळ खिडक्या उघडल्याच नाहीत. आता तिकिटावर सेवाशुल्क असते, म्हणजे तिकीट काढण्याचेही तिकीट. मागल्या एका सामन्याला मी एका परगावच्या मैदानावर गेलो, तर फाटकावर माझ्यासारखाच एक म्हातारा हातात रोख नोटा घेऊन उभा होता. आत शेकडो जागा मोकळ्या. रखवालदार त्याला म्हणत होता, "आजोबा, पैसे नकोत, कोड दाखवा." मी माझ्या मोबाइलवर त्याचे तिकीट काढून देण्याचा प्रयत्न केला. ते येईपर्यंत पहिला गोल झाला, आणि फाटकाबाहेर आम्हा दोघांना आतला आवाज तेवढा ऐकू आला.

कोल्हापुरात खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मी गेलो. नेहमीच्या पायरीवर मिस्त्रींचा नातू येऊन बसला. तो शाळेत आहे, आणि दुर्दैवाने त्याला आजोबांची नजर नाही. तो चेंडूकडेच पाहतो. या वेळी तिकिटे त्याने काढली आणि चहा मी पाजला. हिशेब अजून जुळतो.

येथल्या क्रीडामंडळांचे काही कार्यकर्ते समोर बसलेले मला दिसतात, म्हणून त्यांच्याशी दोन शब्द बोलतो. पुढेमागे पार्क मैदानावर फुटबॉलची स्पर्धा भरवाल तेव्हा तिकीट ठेवा, पण एक बाजू अशी ठेवा की पाळी सुटून आलेल्या मागवाल्याला चहा-भज्यांच्या पैशांत तेथे बसता येईल. एक खिडकी उघडी ठेवा आणि तिच्यात सुट्टे पैसे असलेला माणूस बसवा. सामन्याची वेळ ठरवताना कारखान्यांच्या पाळ्या विचारून घ्या. पाहुण्यांच्या सोफ्यांची रांग गोलच्या मागे लावू नका. तेथून गोलरक्षकाचे पाय चांगले दिसतात, आणि ती जागा ज्याला खेळ कळतो त्याच्यासाठी ठेवावी. माझी वेळ संपल्याचे अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहून सुचवीत आहेत. आपण शांतपणे ऐकून घेतलेत. मैदानावर मात्र इतके शांत बसू नका.